चला, हवा जाऊ द्या

रोबोकॉनच्या संघात नुकत्याच शिरलेल्यांसाठी न्यूमॅटिक्सची प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कुणासाठी

निवड झाली, घरी फोन करून झाला, आईने शेजारच्या काकूंना ‘आमची रोबो बनवते’ असं सांगूनही झालं. आणि मग पहिल्याच बैठकीत सिनिअरने निळ्या पाइपांचं भेंडोळं हातात ठेवून ‘तू न्यूमॅटिक्स बघ’ एवढंच सांगितलं, अशा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ही आहे. तोवर कोडिंग, सेन्सर, मोटारी ही मानाची खाती वाटून झालेली असतात. हवा उरते. हवेला कॉलेजात वाली नाही. मेकॅनिकलवाले म्हणतात, व्हॉल्व्हला वायर आहे म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक्सचा. इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणतात, व्हॉल्व्हला पाइप आहे म्हणजे तो मेकॅनिकलचा. कॉम्प्युटरवाले ‘आमच्याकडून सिग्नल गेलाय’ असं सांगून चहाला जातात. यापुढे या तिघांच्या मधोमध तुम्ही उभे राहणार आहात, हातात साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन.

खेळ आणि त्यातली हवा

आंतरराष्ट्रीय एबीयू रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा पहिल्यांदा २००२ साली टोकियोत झाली. तेव्हापासून दर वर्षी यजमान देश आपल्याकडचा एखादा खेळ किंवा सण घेऊन स्पर्धा रचतो आणि आशिया-पॅसिफिकमधली मुलं वर्षभर त्यापायी झोप घालवतात. २००८ साली पुण्यात दहीहंडी होती. २०१४ साली पुन्हा पुण्यातच, पण या वेळी आईबाप रोबोने पिल्लू रोबोला सी-सॉवर आणि झोपाळ्यावर खेळवायचं होतं. २०१५ साली योग्यकर्त्यात बॅडमिंटन, २०२२ साली दिल्लीत लगोरी. भारतातली निवड फेरी बरीच वर्षं बालेवाडीच्या क्रीडा संकुलात व्हायची, नंतर ती दिल्लीला गेली. पुण्याच्या संघांना हे दुःख अजून पचलेलं नाही. पूर्वी विसरलेला पाना रिक्षाने आणता यायचा.

खेळ बदलतो, पण नियमावलीतली हवेची ओळ वर्षानुवर्षं तीच आहे: दाब ६०० किलोपास्कलच्या वर जाता कामा नये. म्हणजे ६ बार. आकडा छोटा वाटतो. सिनिअर लोक तो सांगताना खांदे उडवतात. तुम्ही उडवू नका, हिशेब करा. ३२ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ८०४ चौरस मिलिमीटर. त्यावर ६ बार लावले की जोर येतो ४८० न्यूटनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याच्या वजनाइतका. हे पोतं तुमच्या बोटावर क्षणाच्या काही अंशात येऊ शकतं. मागे येताना जोर थोडा कमी, कारण १२ मिलिमीटरच्या रॉडने त्या बाजूची जागा खाल्लेली असते. तिथे ४१५ न्यूटनच उरतात. हा फरक वर्गात शिकवतात, वर्कशॉपात कुणी सांगत नाही. सिलिंडर उलटा बसवून ग्रिपरमधून चेंडू निसटला की तो आपण होऊन कळतो.

मग मोटार सोडून हवा घ्यायचीच कशाला? कारण तीन मिनिटांच्या सामन्यात काहीतरी झटक्यात पकडायचं, उचलायचं किंवा उडवायचं असतं. मोटारीने हे करायचं तर गिअरबॉक्स, एन्कोडर आणि रात्री तीनपर्यंत चालणारं ट्यूनिंग आलं. सिलिंडरला दोनच गोष्टी कळतात, पुढे आणि मागे. मधे कुठे थांब म्हटलं तर तो थांबत नाही, आणि अर्ध्यावर थांबवण्याची हौस तुमच्या डिझाइनमधे असेल तर ते पान आत्ताच फाडा.

बाटली

हवा साठवायला नियमावली दोन वाटा देते. एक, त्यासाठीच बनवलेली टाकी. दोन, नवीकोरी आणि नीट तयार केलेली प्लॅस्टिकची बाटली. टाकी जड असते आणि तिची किंमत ऐकून फॅकल्टी इन्चार्ज सरांना अचानक लेक्चर आठवतं. म्हणून बहुतेक संघ थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटल्यांकडे वळतात.

कृती अशी. सहा बाटल्या आणा. बारा लिटर पेय संपवा. हे काम सर्व विभागांत समान वाटून द्या. संघभावना वाढवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग कॉलेजात नाही. बिल अकाउंट सेक्शनमधे द्या. ‘शीतपेय’ या शब्दाभोवती लाल गोल काढून ते परत येईल, सोबत शेरा: रोबोच्या सुट्या भागांत बसत नाही. पुढच्या वेळी ‘दाब-साठवण पात्र, द्रवासह, नग सहा’ असं लिहा. शक्यता बरी आहे.

बाटली सोड्याचीच हवी, साध्या पाण्याची नको. सोड्याची बाटली मुळात आतला वायू दाबून धरायलाच बनवलेली असते, तिची भिंत जाड असते. पाण्याची बाटली बनवणाऱ्याने तुमचा विचारच केलेला नसतो. बाटलीवर ओरखडा नको, कर्कटकाने कोरलेलं संघाचं नाव नको, आणि हॉट ग्लू तर अजिबात नको, कारण उष्णतेने ते प्लॅस्टिक आकसतं आणि कमकुवत होतं. रोबो उन्हात ठेवून फोटो काढण्याची हौस असेल तर बाटल्या काढून ठेवा.

पहिल्यांदा दाब देताना बाटली काठोकाठ पाण्याने भरा आणि मग दाब द्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. बाटली गेलीच तर तडकते आणि फरशी ओली होते. तीच बाटली नुसत्या हवेने भरलेली असताना गेली, तर वर्कशॉपचे मामा पुढची चार वर्षं तुमच्या नावाने गोष्ट सांगतात. चाचणी करताना डोळ्यांवर चष्मा आणि मधे काहीतरी जाड आडोसा असू द्या. फोटोत चांगलं दिसत नाही, ही हरकत आजवर अनेकांनी घेतली आहे आणि ती फेटाळण्यात आली आहे.

आता या बाटलीत किती खेळ आहे? मघाचाच ३२ मिलिमीटरचा सिलिंडर घ्या, १०० मिलिमीटर स्ट्रोकचा. दोन लिटरची एक बाटली ६ बारला भरलेली. तो पुढे-मागे, पुढे-मागे करत गेला तर दहाव्या फेरीअखेर बाटलीत ३ बारही शिल्लक राहत नाहीत. निम्मा जोर गेला. सरावात कॉम्प्रेसर लावलेलाच असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. सामन्यात मात्र पहिली फेक रिंगणात, सहावी रेषेवर आणि नववी पंचांच्या पायाशी पडते, आणि कोडवाल्याला विचारतात, ‘तू काही बदललंस का?’ त्याने काहीही बदललेलं नसतं. म्हणून हव्या त्या दाबावर रेग्युलेटर लावा, बाटलीत त्याहून वरचा साठा ठेवा, आणि किती फेऱ्या पुरतात ते मोजून कागदावर लिहा. कागद रोबोवर चिकटवा. लॅपटॉपमधल्या फाइलला आयत्या वेळी चार्जिंग नसतं.

दुकानात कसं बोलावं

वायर, डायोड, कनेक्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. व्हॉल्व्ह, सिलिंडर, फिटिंगसाठी भोसरीकडे किंवा नागदेवी स्ट्रीटला जावं लागेल. तिथला दुकानदार कारखान्यांना माल देतो. तो तुम्हाला विचारेल, ‘किती पाहिजेत, शंभर?’ तुम्ही म्हणाल, ‘चार.’ यानंतर तो तुमच्याशी बोलणं बंद करून पोऱ्याकडे बोट दाखवेल. हा अपमान नाही, प्रक्रिया आहे.

‘कॉइल कुठली देऊ?’

‘काका, काळी.’

सगळ्या कॉइल काळ्याच असतात. तुम्हाला हवी आहे २४ व्होल्ट डीसी, आणि हे तुम्ही न सांगितल्यास पोऱ्या हाताला लागेल ती, म्हणजे बहुधा २३० व्होल्ट एसीची देईल, कारण कारखान्यात तीच खपते. ती कॉइल तुमच्या बॅटरीला लावली की काहीच होत नाही. धूर नाही, आवाज नाही. संघ दोन दिवस कोड तपासतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कॉइलच्या अंगावर छापलेलं वाचतं. वाचण्याची ही पायरी दुकानातच उरकली तर दोन दिवस वाचतात.

फिटिंगच्या आट्या ‘वन बाय एट’ आणि ‘वन बाय फोर’ अशा मागायच्या. छोट्या सिलिंडरला एम-फाइव्ह. दिसायला जवळजवळ सारखी पण बसायला वेगळी अशी एक तरी आटी प्रत्येक संघाच्या डब्यात असते आणि ती जोर लावून बसवणारा एक तरी मेंबर प्रत्येक संघात असतो. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवा. शिवाय पाइप कटर घ्या. तो महाग वाटतो, म्हणून लोक कात्री, ब्लेड, प्रसंगी दात वापरतात. तिरका कापलेला पाइप पुश-इन फिटिंगमधे आत जातो, धरूनही राहतो, आणि गळतो. काटकोनात कापलेला पाइप शेवटपर्यंत आत ढकलला की गळत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी अख्खं प्रकरण लिहू शकलो असतो.

पाच भोकं

आता मुख्य पात्र: ५/२ सोलेनॉइड व्हॉल्व्ह. पाच म्हणजे पाच भोकं, दोन म्हणजे आतला स्पूल दोन जागी उभा राहतो. भोकांना आकडे असतात. १ मधून हवा आत येते. २ आणि ४ सिलिंडरच्या दोन टोकांना जातात. ३ आणि ५ कुठेच जात नाहीत, ती उघडी असतात.

नवशिक्या इथे घसरतो. तो व्हॉल्व्ह जोडतो, हवा सोडतो, कॉइलला करंट देतो आणि त्याला दिसतं की ३ नंबरमधून फस्सकन हवा गेली. गळती! तो डब्यात बूच शोधतो. बूच मिळतं, ही या डब्याची शोकांतिका आहे. ३ बंद, ५ बंद, टेफ्लॉन लावून पक्कं. आता हवा कुठूनही जात नाही. सिलिंडरही कुठे जात नाही. सिनिअर येतो, दाब बघतो, ६ बार. कॉइल बघतो, टकटक वाजतेय. मग तो गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, ‘सिलिंडर जॅम आहे.’ सिलिंडर खोलला जातो. सिलिंडर निर्दोष असतो. खोलल्यानंतर राहत नाही.

झालं एवढंच की पिस्टन पुढे जायचा तर त्याच्या पुढ्यातली हवा बाहेर पडायला हवी, आणि तिची वाट तुम्ही बुजवली. ३ आणि ५ ही गळती नाही, ते एक्झॉस्ट आहेत. हवा आत भरणं कुणालाही जमतं, पंप मारला की झालं. ती कुठून बाहेर जाणार, किती वेगाने जाणार आणि जाताना वाटेत कुणाला धक्का देणार, हे ठरवणं म्हणजे न्यूमॅटिक्स. पुढची सगळी मार्गदर्शिका, मान्य करतो, याच एका गोष्टीवर आहे.

सिलिंडर फार जोरात आपटतोय आणि वेग कमी करायचाय? आत येणारी हवा आवळू नका, बाहेर जाणारी आवळा. आत येणारी आवळली तर पिस्टन अडखळत, हिसके देत जातो. बाहेर जाणारी आवळली तर दोन्ही बाजूंनी हवेत धरला जाऊन शहाण्यासारखा सरकतो. फ्लो कंट्रोलवर एक छोटा बाण असतो. तो कुठल्या बाजूला हवा, हे पाहिल्याशिवाय बसवू नका. पाहूनही उलटा बसवण्याची परंपरा आहे, म्हणून बसवल्यावर पुन्हा पाहा.

एक कॉइल घ्यायची की दोन, हाही इथलाच प्रश्न. एका कॉइलचा व्हॉल्व्ह करंट गेला की स्प्रिंगने मूळ जागी परततो. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह करंट गेला तरी शेवटच्या हुकमावर ठाम राहतो. त्याला एक छोटा झटका पुरतो, बॅटरी वाचते. दोन्ही कॉइल एकदम चालू केल्या तर जी आधी लागली तिचं चालतं. कुठला घ्यावा? वायर निसटली तर रोबोने काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते आधी ठरवा. वर उचललेली वस्तू खाली कुणाच्या डोक्यावर पडू शकत असेल तर व्हॉल्व्हने शेवटचा हुकूम लक्षात ठेवलेला बरा. हात सोडवायचा असेल तर स्प्रिंग बरी. दुकानात जो उरला तो, हे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही.

मॅनिफोल्ड

चार व्हॉल्व्ह झाले की रोबोच्या पोटात पाइपांचा गुंता होतो. मग कुणीतरी मॅनिफोल्ड सुचवतं: अ‍ॅल्युमिनियमचा एक लांबट ठोकळा, त्यावर व्हॉल्व्ह रांगेने बसवायचे. हवा एकदाच आत, सगळ्यांना आपोआप. एक्झॉस्टही सगळ्यांचा एकत्र. दिसायला इतकं नीटनेटकं की रोबो अर्धा झाल्यासारखा वाटतो. पोस्टरवर याचाच फोटो टाकतात.

चार व्हॉल्व्ह आणि सहा जागांचा मॅनिफोल्ड असेल तर उरलेल्या दोन जागा बंद करायला ब्लँकिंग प्लेट लागते. ती वेगळी विकत घ्यावी लागते, हे घरी आल्यावर कळतं. उघड्या जागेतून सगळी हवा दोन सेकंदांत निघून जाते. ही मात्र खरोखरची गळती. तिथे एम-सील थापून पाहण्याचा प्रयोग दर वर्षी होतो, दर वर्षी त्याच रात्री उडतो. व्हॉल्व्हखालचं रबरी गॅस्केट पाकिटात तर राहिलं नाही ना, तेही पाहा. पाकीट कचऱ्यात गेलं असेल तर कचरा पाहा. स्क्रू एकाच बाजूने पिळत सुटू नका, आलटून पालटून आवळा, नाहीतर गॅस्केट एका कडेने उचकटतं.

पुढची गोष्ट पुस्तकात सापडणं कठीण आहे म्हणून थोडी सविस्तर. समजा मॅनिफोल्डवर एक मोठा सिलिंडर आहे, फेकणारा, आणि शेजारी एक छोटा, एकेरी, स्प्रिंगने परत येणारा, चेंडू धरणारा. मोठा सिलिंडर सुटला की त्याची भरपूर हवा एकदम सामायिक एक्झॉस्टमधे घुसते. बाहेर पडायचं भोक छोटं, त्यावर सायलेन्सर, सायलेन्सरमधे टेफ्लॉनचे तुकडे आणि मार्चमधली पुण्याची धूळ. हवेला बाहेर जाता येईना की ती मॅनिफोल्डच्या आतूनच उलटी शेजाऱ्याच्या एक्झॉस्टमधे शिरते, आणि छोटा सिलिंडर क्षणभर फुरफुरतो. बोट उघडतं. फेकायच्या आतच चेंडू सुटतो. कोडमधे काही नाही, वायरमधे काही नाही, आणि संथ सरावात हे घडतही नाही, कारण तेव्हा दोन्ही हालचाली एका वेळी होत नाहीत. हा दोष शोधायला संघांना आठवडे लागलेले आहेत. उपाय मिनिटाभराचा: सायलेन्सर काढून पाहा. दोष गेला तर सायलेन्सर बदला किंवा मोठा घ्या. तरीही नाही गेला तर मोठ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डवरून काढून वेगळा बसवा. पोस्टरवरचा फोटो बिघडेल. बिघडू द्या.

मॅनिफोल्ड रोबोच्या मध्यभागी शोभतो, पण ठेवावा सिलिंडरच्या जवळ. कारण पाइपलाही हवा लागते. ६ मिलिमीटरचा पीयू पाइप आतून ४ मिलिमीटरचा असतो. त्याच्या एका मीटरमधे साडेबारा घन सेंटिमीटर हवा मावते. तुमच्या ग्रिपरचा १६ मिलिमीटर बोअर आणि ५० मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर पुरता भरायला दहाच लागतात. म्हणजे मीटरभर पाइप लावलात तर दर खेपेला सिलिंडरपेक्षा पाइपच जास्त खातो. ‘नंतर लागेल’ म्हणून गुंडाळून ठेवलेला जादा पाइप याच हिशेबात धरा आणि कापा.

आणि चारही सिलिंडर एकदम सुटणार असतील तर मॅनिफोल्डला दोन्ही टोकांकडून हवा द्या, मुख्य पाइप ८ मिलिमीटरचा. एकाच टोकाने दिली तर शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत उरलेलीच पोचते.

तारा

हा भाग इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा आहे असं सांगून ते तुमच्याकडेच ढकलतील, म्हणून थोडक्यात. २४ व्होल्टची पाच-एक वॉटची कॉइल साधारण ०.२ अँपिअर घेते. आर्डुइनोच्या पायाला जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर सोसतात. मधे मॉस्फेट किंवा यूएलएन-२८०३ लागते, थेट जोडणी चालत नाही. कॉइल बंद होताना उलटा व्होल्टेजचा फटका मारते. त्यासाठी कॉइलवर डायोड आडवा लावायचा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. यूएलएनच्या पोटात डायोड असतो, पण त्याचा कॉमन पाय २४ व्होल्टला जोडला तरच तो काम करतो. हे विसरलं की दर वेळी ग्रिपर मिटला की कंट्रोलर रिसेट होतो. रोबो चेंडू पकडतो आणि आपण कोण हे विसरतो.

दोष कुणाचा

संघातली भांडणं मिटवायला देवाने व्हॉल्व्हवर एक बारीक निळं किंवा पिवळं बटण दिलं आहे. मॅन्युअल ओव्हरराइड. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते दाबा. सिलिंडर हलला? दोष कॉइल, वायर, ड्रायव्हर किंवा कोडचा. तुम्ही चहाला जा. नाही हलला? दोष हवेचा किंवा व्हॉल्व्हचा. बाकीचे चहाला जातील. काही व्हॉल्व्हवर हे बटण दाबून फिरवलं की अडकून राहतं. ते तसंच अडकलेलं राहिलं तर मघाशी चहाला गेलेले लोक परत येऊन तासभर कोड तपासतात, आणि तो तास तुमच्या खात्यावर लिहिला जातो.

कॉइल टक करते पण सिलिंडर ढिम्म? बहुतेक छोटे व्हॉल्व्ह स्पूल हलवायला कॉइलचा जोर वापरत नाहीत. कॉइल फक्त हवेचा एक बारीक झरोका उघडते आणि स्पूलला हवाच ढकलते. त्यासाठी दीड-दोन बार तरी लागतात. बाटली त्याखाली गेली की टक होते, काम होत नाही.

टेफ्लॉन टेप आटीच्या दिशेने गुंडाळा आणि टोकाची पहिली आटी मोकळी सोडा, नाहीतर टेपची चिंधी आत जाऊन स्पूलपाशी मुक्काम करते. गळती शोधायला साबणाचं पाणी. कानाने शोधता येते असं वाटतं, पण वर्कशॉपात कुणीतरी ग्राइंडर चालवतच असतं. बाटली नुकतीच झपाट्याने भरली असेल तर काटा थोडा खाली येईलच. दाबताना गरम झालेली हवा थंड होते, दाब उतरतो. दहा मिनिटांनी पुन्हा भरा आणि मग वाट पाहा. त्याआधीच प्रत्येक फिटिंग उपटून बसवणाऱ्याला आवरा.

सामन्याचा दिवस

तयारीला एक मिनिट मिळतो. त्या मिनिटात हवा सोडायची असते. सोडण्यापूर्वी मोठ्याने सांगा, ‘हवा सोडतेय!’ आणि प्रत्येकाकडून ‘हो’ आल्याशिवाय सोडू नका, कारण दोन कॉइलचा व्हॉल्व्ह मागच्या सामन्यात कुठे थांबला होता हे फक्त त्यालाच माहीत असतं. सिलिंडर उडी मारून जागेवर येतो. त्या जागेवर कुणाचा हात असू नये.

लाल इमर्जन्सी बटणाने वीज बंद होते. हवा बंद होत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केलात तर बाटलीतली हवा बाटलीत राहते आणि सिलिंडरमधली सिलिंडरमधे. बोट मात्र ग्रिपरमधे. म्हणून बंद करताना पुढची हवा आपोआप बाहेर सोडणारा हातव्हॉल्व्ह घ्या. दुकानात त्याला ‘थ्री-टू हँड स्लाइड’ म्हणा. पोऱ्याला समजतं. तो हात पोचेल अशा जागी बसवा, मॅनिफोल्डच्या मागे नव्हे. फॅकल्टी सरांनाही सापडला पाहिजे.

दाब तपासणारे परीक्षक गेजवर ६०० च्या वर काटा गेलेला दिसला तर हसतमुखाने तुम्हाला बाजूला घेतात. गेज चुकीचं आहे, असं त्यांना सांगू नका. प्रत्येक संघ हेच सांगतो.

प्रवास

दिल्लीला जाताना बाटल्या पुण्यातच रिकाम्या करा, झाकणं उघडी ठेवा, बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत, आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र हाताशी. तरीही स्टेशनवरच्या स्कॅनरमधे सहा बाटल्या, पितळी फिटिंग, निळे पाइप आणि वायरी एकत्र दिसल्या की सामान बाजूला काढायला सांगतात.

‘इसमें क्या है?’

‘हवा’ म्हणू नका, ती तुम्ही सोडून आलेले आहात. ‘कुछ नहीं’ म्हणालात तर उघडून दाखवायला लावतात, आणि बाटलीच्या तोंडाशी पितळेचं फिटिंग बघून मोठ्या साहेबांना बोलावतात. घाबरू नका. मोठ्या साहेबांचा मुलगा बहुधा कुठेतरी इंजिनिअरिंगलाच असतो, आणि त्याच्या खोलीत याहून वाईट काहीतरी असतं.